मदत हवी आहे: वाहनचोरीचा दर काढताना भागायचं कशाने?

दोन वस्त्यांची तुलना चालू आहे. दर हजार रहिवाशांमागे गुन्हे काढले की स्टेशनजवळची वस्ती उगाच बदनाम होते. पाकीटं जातात येणाऱ्या-जाणाऱ्यांची, भागाकार मात्र राहणाऱ्यांनी. म्हणून घरफोड्या वेगळ्या काढून घरांच्या संख्येने भागल्या, तेही 3 वर्षांची बेरीज घेऊन (400 घरांत 2 च्या 4 झाल्या तरी लगेच ‘दुप्पट’!). नेमका पत्ता नसलेल्या तक्रारींचे ठिपके नकाशावर पोलीस ठाण्यावरच साचले होते, ते वगळले.

अडलंय वाहनचोरीवर. नोंदणीच्या पत्त्यावरून गाड्या मोजल्या तर भाडेकरूंच्या बऱ्याच सुटतात, आणि चोरी होते ती बहुतांशी रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांची. प्रत्यक्ष मोजणी जमेल, पण दोनच रात्री, दोन माणसांत. दुचाक्या वेगळ्या मोजणारच आहोत. मग कोणते वार निवडावेत आणि फेरी किती वाजता मारावी?