वर्षाचा रोडमॅप की दोन आठवड्यांचा स्प्रिंट: तारखा लिहाव्यात का?

घणसोली:
महापे-ऐरोलीकडच्या प्रॉडक्ट टीमांनी जरूर बोलावं. माझं ठाम मत: वर्षाच्या रोडमॅपमध्ये (काय कधी बनवायचं त्या आराखड्यात) प्रत्येक फीचरसमोर तारीख लिहू नये. अंदाज एकदा एक्सेलमध्ये गेला की सेल्स त्यावर ग्राहकाला शब्द देऊन बसतं. मग स्प्रिंट, म्हणजे दोन आठवड्यांचा कामाचा टप्पा, नावापुरता. स्प्रिंटअखेरच्या रिव्ह्यूत ग्राहक काहीही म्हणाला तरी बॅकलॉगचा, म्हणजे बाकी कामांच्या यादीचा, क्रम हलत नाही. वर्षाला दोन-तीन उद्दिष्टं, तिमाहीला विषय, तपशील फक्त पुढच्या दोन-तीन स्प्रिंटांचा. एवढं पुरे.

वागळे इस्टेट:
असहमत. कारखान्यांना बिलिंग सॉफ्टवेअर देणाऱ्यांना हे परवडत नाही. ई-इन्व्हॉइसची, म्हणजे जीएसटीचं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याची, सक्ती किती वार्षिक उलाढालीपासून लागते ती मर्यादा बघा: ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी, जानेवारी २०२१ मध्ये १००, त्याच वर्षी एप्रिलमध्ये ५०, एप्रिल २०२२ मध्ये २०, ऑक्टोबरमध्ये १०, ऑगस्ट २०२३ मध्ये ५. तारीख सरकार ठरवतं. आयआरएनशिवाय (पोर्टल देतं त्या नोंदणी क्रमांकाशिवाय) बिल वैध नाही, ट्रक गेटवरच उभा.

घणसोली:
अहो, मर्यादा पाचदा खाली आली, म्हणूनच ती कोडमध्ये पक्की लिहायची नसते. सेटिंग टेबलात लागू-तारखेसह ठेवा. अधिसूचना आली की एक ओळ वाढवायची. कायद्याची तारीख पक्की, त्या तारखेला किती द्यायचं ते लवचिक: आधी आयआरएन घेणं, क्यूआर छापणं, २४ तासांच्या आत रद्द करणं. रिपोर्ट मागाहून.

ऐरोली:
दोघांकडूनही पायाभूत काम सुटतंय. चालू डेटाबेसमध्ये बदल करायचा तर नवा कॉलम जोडा, दोन्हीकडे लिहा, जुना डेटा भरा, वाचन नव्यावर वळवा, मगच जुना काढा. घाईत डेटा भरण्याआधीच वाचन वळवलं की जुनी बिलं कोरी दिसतात. हे एका स्प्रिंटमध्ये बसत नाही आणि डेमोत दिसत नाही, म्हणून दर वेळी मागे ढकललं जातं. रोडमॅपवर त्याची स्वतंत्र ओळ हवीच. स्प्रिंटने काम करायची पद्धत म्हणजे स्क्रम; तिच्या २०२० च्या स्क्रम गाइडने ‘प्रॉडक्ट गोल’ आणला तो टीमसमोर लांबचं उद्दिष्ट राहावं म्हणूनच. पुढचं बघू नका असं ॲजाइल (छोट्या टप्प्यांत काम करायची ही विचारसरणी) कधीच म्हणत नाही.

वागळे इस्टेट:
ऐरोलींशी सहमत. पण घणसोली, ती ‘एक ओळ’ फक्त कोडपुरती. मर्यादा ५ कोटींवर आली की ग्राहकच वेगळा: त्याच्याकडे आयटीचा माणूस नसतो, मास्टरमध्ये (ग्राहक आणि मालाच्या मूळ यादीत) पिनकोड राज्याशी जुळत नाहीत, एचएसएन (मालाचे जीएसटी कोड) चुकलेले. पोर्टल अशी बिलं परत पाठवतं. डेटा साफ करणं आणि हिशेबनिसाला शिकवणं हे तारखेच्या किमान दोन महिने आधी सुरू व्हावं लागतं, आणि सपोर्टची माणसं तेव्हा मोकळी हवीत तर ते महिने वर्षाच्या सुरुवातीलाच राखून ठेवायला हवेत. तारखेसकट.