रेडिओहेड : तुम्ही कुठल्या अल्बमला चढलात आणि कुठल्याला उतरलात?

२०१८ नंतर थेट २०२५ च्या नोव्हेंबरात रेडिओहेडवाले परत स्टेजवर आले, माद्रिद, बोलोन्या, लंडन, कोपनहेगन, बर्लिन असं पाचच शहरांत वाजवलं, आणि तेव्हापासून आमच्या मित्रांत तीच जुनी भांडणं नव्याने सुरू झालीयेत. एक म्हणतो द बेन्ड्स या अल्बमनंतर यांनी गाणी करणं सोडलं, दुसरा म्हणतो किड ए च्या आधी यांनी केलंच काय होतं. म्हटलं एकदा सगळ्यांचे अनुभव एका ठिकाणी येऊ देत.

ज्यांना बँड माहीतच नाही त्यांच्यासाठी पटकन : ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमधल्या एकाच शाळेतली पाच पोरं, १९८५ पासून एकत्र. प्रॅक्टिस शुक्रवारी व्हायची म्हणून नाव ऑन अ फ्रायडे, मग १९९१ ला ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने साइन केलं आणि नाव बदला म्हणाले, तेव्हा टॉकिंग हेड्स या बँडच्या एका गाण्यावरून रेडिओहेड झालं. थॉम यॉर्क गातो, जॉनी आणि कॉलिन ग्रीनवूड सख्खे भाऊ, एड ओब्रायन गिटारवर आणि फिल सेल्वे ड्रम्सवर. नऊ स्टुडिओ अल्बम झाले, पण पाचातला एकही अजून बदललेला नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या बँडला जमलेलं पब्लिक सोडून पुढे जायची खोडच आहे, आणि म्हणून प्रत्येक फॅनला आपण ज्या स्टेशनवर चढलो तोच खरा रेडिओहेड वाटतो. मी ओके कॉम्प्युटरला चढलो, द किंग ऑफ लिम्ब्सला दारात उभा होतो पण उतरलो नाही. तुमचं सांगा.

*

क्रीप या गाण्याला चढलो. लपवायचं काय त्यात. गिटार शिकणारा प्रत्येक जण तिथेच चढतो कारण चारच कॉर्ड आहेत, जी, बी, सी आणि सी मायनर, आणि तो शेवटचा मायनर आला की आपल्यालाही वाटतं आपण काहीतरी भारी वाजवतोय. पण त्यातली खरी जान म्हणजे कोरसच्या आधी येणारे ते खर्रकन फटके. जॉनीला म्हणे गाणं फार मिळमिळीत वाटत होतं म्हणून त्याने ते बिघडवायलाच गिटारवर हाणलं, आणि आज लोक त्या फटक्यांचीच वाट बघत बसतात. मी कितीदा प्रयत्न केला, नुसत्या तारा म्यूट करून हाणलं की तो आवाज येत नाही, वेळ अगदी नेमकी पकडावी लागते आणि डिस्टॉर्शनचा पेडल त्याच क्षणी दाबावा लागतो.

बाकी १९९२ ला ब्रिटनमध्ये गाणं आपटलं होतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आधी इस्रायलच्या रेडिओवर चाललं, मग अमेरिकेत, आणि मग कुठे १९९३ ला परत रिलीज केल्यावर घरच्यांनी विचारलं. आणि हो, क्रेडिटमध्ये हॅमंड आणि हेझलवूड यांचीही नावं आहेत, कारण चाल त्यांच्या जुन्या गाण्याशी जुळते म्हणून तक्रार झाली होती. मी द बेन्ड्सपर्यंत होतो, पुढे अधूनमधून.

*

मी तबल्याकडून आलो. मित्राने इन रेनबोज लावला, पहिलंच गाणं फिफ्टीन स्टेप, आणि मी सवयीने बोटांवर मोजायला लागलो तर चार बसेचनात. पाच मात्रा! मग तो म्हणाला थांब, आणि एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस लावलं, ते दहाचं. रॉकवाले चारच्या बाहेर जात नाहीत असा माझा पक्का समज होता (अजूनही बहुतेकांबद्दल आहेच). आता हे झपतालासारखं अजिबात चालत नाही हां, दोन-तीन-दोन-तीन असं तोडायला गेलात तर फसाल, तो कीबोर्डचा तुकडा स्वतःच्या तोऱ्यात फिरून येतो आणि सम कुठे आहे ते दोनतीन आवर्तनांनंतर अंगात बसतं. मजा अशी की ऐकणाऱ्याला कुठेही गणित जाणवत नाही, थॉम वरून असा गातो की जणू चारचंच आहे.

तेव्हापासून मी यांचं प्रत्येक गाणं आधी मोजतो आणि मग ऐकतो. शब्द मला अजून नीट माहीत नाहीत आणि त्याने काही अडलंही नाही.

*

किड ए ला उतरलो, परत चढलो नाही, आणि चढायची इच्छाही नाही. ओके कॉम्प्युटरनंतर तीन वर्षं वाट बघितली होती हो. पॅरानॉइड अँड्रॉइडसारखं सहा मिनिटांचं गाणं केलेला बँड, ज्याच्याकडे तीन तीन गिटार, आणि २००० च्या ऑक्टोबरात हातात काय ठेवलं तर घुंई घुंई आवाज आणि आवाजाचा चोथा केलेला थॉम. सिंगल नाही, व्हिडिओ नाही. तरी अमेरिकेत तो अल्बम एक नंबरला गेला, म्हणून लोक म्हणतात बघा. अरे एक नंबरला गेला कारण माझ्यासारख्यांनी न ऐकता विकत घेतला!

मला कळतं की टूर करून करून थॉमची वाट लागली होती, त्याला गाणी सुचत नव्हती, कागदाच्या चिठ्ठ्यांवर ओळी लिहून त्या उचलून शब्द जुळवले वगैरे. सहानुभूती आहे. पण मला फेक प्लास्टिक ट्रीज ऐकायचंय आणि मी तेच ऐकतो.

*

वरच्या प्रतिसादाला शांतपणे उत्तर द्यायचं ठरवलं होतं पण "घुंई घुंई" वाचलं आणि राहवेना. तो घुंई आवाज म्हणजे ऑन्द मार्तनो, १९२० च्या दशकातलं फ्रेंच वाद्य आहे, जॉनी ते हाताने वाजवतो, बटण दाबून येत नाही. किड ए वरच्या इडिओटेक गाण्याचं म्हणाल तर त्यातले ते कॉर्ड्स पॉल लान्स्की नावाच्या संगीतकाराच्या १९७३ च्या कॉम्प्युटरवर केलेल्या रचनेतून उचललेत, जॉनीने जवळपास पन्नास मिनिटांचं काहीबाही रेकॉर्डिंग थॉमकडे दिलं आणि थॉमने त्यातला छोटासा तुकडा निवडून गाणं केलं. निवडता येणं हेही कामच आहे ना?

आणि पुढच्या अल्बमवरचं, म्हणजे ॲम्नेझियॅकवरचं लाइक स्पिनिंग प्लेट्स एकदा हेडफोनवर ऐका. आय विल नावाच्या गाण्याचा त्यांचा एक प्रयत्न फसला होता, तो टेप उलटा चालवल्यावर त्यांना आवडला. मग थॉमने त्यावर गायलेल्या ओळी उलट्या करून ऐकल्या, ते उलटे उच्चार तोंडपाठ केले, तसे गायला, आणि ते रेकॉर्डिंग परत उलटं केलं. म्हणून शब्द कळतात पण प्रत्येक अक्षर मागून पुढे ओढल्यासारखं येतं. मी एका साध्या ॲपवर स्वतःचं नाव उलटं म्हणून बघितलं, परत उलटं केल्यावर जे काही ऐकू आलं त्यावर घरचे अर्धा तास हसले.

*

माझा नवरा डाय-हार्ड, मी नाही. लग्नानंतर पहिली काही वर्षं मला वाटायचं शेजारी कुणीतरी आजारी आहे. थॉमचा आवाज मला अजूनही सहन होत नाही, सॉरी. पण नो सर्प्रायझेसचा व्हिडिओ मात्र मी त्याच्याहून जास्त वेळा बघितलाय, डोक्याभोवती काचेचा गोळा, त्यात पाणी चढत जातं, नाकाच्या वर जातं आणि तो तसाच बघत राहतो. नवऱ्याने मग मीटिंग पीपल इज ईझी ही डॉक्युमेंटरी दाखवली, त्यात तो व्हिडिओ करताना थॉम श्वास न धरता आल्याने पुन्हा पुन्हा बाहेर येतो आणि वैतागून शिव्या घालतो, ते बघून पहिल्यांदा हा माणूस आवडला. टूरवर तेच तेच प्रश्न विचारणाऱ्या पत्रकारांसमोरचे त्याचे चेहरे पण बघण्यासारखे आहेत.

*

२००७ कुणी लिहिलं नाही अजून? आमच्या पिढीचं तेच तर स्टेशन. ईएमआयचा करार संपलेला, जॉनीने वेबसाइटवर दोन ओळी टाकल्या की अल्बम तयार आहे आणि दहा दिवसांत येतोय. १० ऑक्टोबरला इन रेनबोज आला, आणि किमतीच्या जागी रिकामा चौकोन. त्याच्या शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक केलं की उत्तर यायचं की तुमचं तुम्ही ठरवा, परत क्लिक केलं की नाही खरंच, तुमचं तुम्ही ठरवा. मी शून्य टाकलं. क्रेडिट कार्ड नव्हतं आणि विद्यार्थी होतो. एका मित्राने मात्र चाळीस पौंडांचा डिस्कबॉक्स (सीडी आणि रेकॉर्ड्सचा संच) मागवला आणि कित्येक महिने कुणाला हात लावू दिला नाही.

तेव्हा फॅन्सनी घातलेला गोंधळ कुणाला आठवतो का? पैसे देऊन घेणारे ओरडत होते की एमपीथ्री फक्त १६० केबीपीएसची, म्हणजे हलक्या दर्जाची दिलीये. फुकट घेणारे गप्प होतो. मग २००८ च्या सुरुवातीला रीतसर सीडी आली ती ब्रिटन अमेरिका दोन्हीकडे एक नंबरला. नूड, रेकनर, वीअर्ड फिशेस, एका अल्बमवर इतकी गाणी परत त्यांना जमली नाहीत असं माझं मत. या मुद्द्यावर भांडायला तयार आहे.

*

वीअर्ड फिशेससाठी अनुमोदन. किंग ऑफ लिम्ब्स म्हणजे सदतीस मिनिटांची ड्रम मशीनची टकटक असं म्हणणाऱ्यांनी त्याचं फ्रॉम द बेसमेंट या कार्यक्रमातलं लाइव्ह रेकॉर्डिंग बघावं, दोन ड्रमर समोरासमोर, तीच गाणी एकदम जिवंत होतात. अल्बमच तसा रेकॉर्ड करायला काय झालं होतं कळत नाही.

*

मी थोडा आडवाटेने आलेय. कव्वाली ऐकते, रॉकशी काही देणंघेणं नाही. जुनून नावाचा २०१५ चा अल्बम ऐकला, इस्रायली संगीतकार शाई बेन त्सूर आणि राजस्थान एक्स्प्रेस हा वाद्यवृंद, जोधपूरच्या मेहरानगढ किल्ल्यात रेकॉर्ड केलेला. त्यात एक किडकिडा, केस डोळ्यांवर आलेला गोरा माणूस कोपऱ्यात मान खाली घालून गिटार वाजवतोय. पॉल थॉमस अँडरसनने त्यावर केलेली फिल्म बघितली तर त्यातही हा कुठे मिरवत नाही, मध्येच लाइट जातात, कबुतरं आत येतात, बँडवाल्यांचे ट्रम्पेट सुरू होतात आणि हा आपला सांभाळून घेतोय. नंतर कळलं की हा कुठल्यातरी जगप्रसिद्ध बँडचा जॉनी ग्रीनवूड. मग रेडिओहेड ऐकलं. पिरॅमिड साँग आवडलं, बाकी अजून चाललंय.

*

हे लिहू की नको असं झालं होतं, पण धागा अनुभवांचा आहे तर लिहितोच. २०१७ ला इस्रायलवर बहिष्कार म्हणून तेल अवीवचा शो रद्द करा असं डेस्मंड टुटू, केन लोच, रॉजर वॉटर्स यांच्या सहीचं खुलं पत्र आलं, यांनी ऐकलं नाही, शो केला. थॉमचं म्हणणं साधारण असं की एखाद्या देशात वाजवणं म्हणजे त्याच्या सरकारला पाठिंबा देणं नव्हे. २०२४ ला मेलबर्नच्या त्याच्या सोलो शोमध्ये गाझावरून एक प्रेक्षक ओरडला तर हा स्टेज सोडून गेला, मग परत येऊन एक गाणं म्हणाला. जो माणूस हेल टू द थीफसारखा राजकीय सुराचा अल्बम काढतो त्याने इथे असं वागावं हे मला झेपलं नाही. गाणी बंद केली नाहीत पण तिकीट काढलं नाही. यावर वाद घालायचा नाहीये, कुणाला वेगळं वाटत असेल तर वाटू दे.

*

तुमचं मत मान्य नाही पण समजू शकतो. मी तिकीट काढलं आणि लंडनचा शो बघितला. स्टेज हॉलच्या मधोमध, गोल, चहूबाजूंनी प्रेक्षक, त्यामुळे कुणीतरी एक जण कायम तुमच्याकडे पाठ करून. माझ्या वाट्याला बराच वेळ फिल सेल्वेची पाठ आणि ते चकाकणारं टक्कल आलं आणि खरं सांगू, त्यामुळेच शो लक्षात राहिला. मनगटं जेमतेम हलतात त्या माणसाची. आजूबाजूला बहुतेक सगळे चाळिशीच्या पुढचे, दोन गाण्यांच्या मध्ये गुडघे चोळणारे. रोजची यादी वेगळी असते म्हणून आदल्या दिवशीची यादी बघून गेलो होतो, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

*

चाळिशीच्या पुढच्यांनो, आम्ही पण आहोत! किड ए आला तेव्हा मी जन्मलेही नव्हते. लेट डाउन मला रीलवर मिळालं, तेही शेवटचं मिनिट जिथे दोन आवाज एकमेकांवर चढतात. हेच गाणं २०२५ मध्ये बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या हिट गाण्यांच्या यादीत गेलं, म्हणजे अल्बम आल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, आणि ते आमच्यामुळे गेलं. तरी जुने फॅन विचारतात की अख्खा अल्बम क्रमाने ऐकलास का. ऐकला. क्रमाने नाही. ट्रू लव्ह वेट्स मी आधी २०१६ चं पियानोवालं ऐकलं, नंतर गिटारवरचं जुनं. हे लोक ते गाणं १९९५ पासून लाइव्ह म्हणत होते आणि अल्बमवर घ्यायला एकवीस वर्षं लावली, तेही थॉम आणि त्याची जोडीदार वेगळे झाल्यानंतर. जुन्यात तो विनवणी करतोय, नव्यात त्याला उत्तर माहितीये असं वाटतं. उलट्या क्रमाने ऐकल्यामुळे मला जुनं जास्त लागलं, तुमचं बरोबर उलटं झालं असणार.

*

इतके प्रतिसाद आणि कॉलिनचं नाव फक्त धागाकर्त्याने घेतलंय तेही भावाबरोबर. बेस वाजवणाऱ्यांचं नशीबच असं. द नॅशनल अँथमचा तो दणदणीत बेस लोक कॉलिनचा म्हणून मला ऐकवतात, अल्बमवर तो थॉमने वाजवलाय. कॉलिनचं खरं काम ऐकायचं तर एअरबॅग लावा. बेस दोन सूर वाजवून गायब होतो, परत येतो, परत गायब. नंतर भरू म्हणून त्याने मोकळ्या जागा ठेवल्या होत्या, त्या भरायच्या राहूनच गेल्या, आणि तसाच टेक अल्बमवर गेला. मी वाजवायला बसलो की हात आपोआप त्या जागा भरायला जातो, तो आवरणं हेच त्या गाण्यातलं अवघड काम आहे.