मदत हवी आहे: बाबा जामीनदार, तारण टेम्पो कर्जदाराने विकला, आता १०१ ची नोटीस आलीय

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

बाबा जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. २०१९ मध्ये त्यांच्या शाळेतल्या शिपायाच्या मुलाने तालुक्याच्या एका पतसंस्थेतून टेम्पोसाठी सहा लाखांचं कर्ज काढलं. दोन जामीनदार लागत होते: एक त्याचा मेहुणा, दुसरे बाबा. जामीनपत्र वाचलं होतं का, असं विचारलं तर म्हणतात, "मॅनेजर ओळखीचा, चहा आला, पेन्सिलीने फुल्या केल्या होत्या तिथे सह्या केल्या."

पोराने सुरुवातीला हप्ते नीट भरले. मग भाडी मिळेनाशी झाली, हप्ते थकले. २०२३ मध्ये टेम्पो विकून तो गाव सोडून गेला. फोन लागत नाही. गेल्या आठवड्यात सहकार खात्याच्या सहायक निबंधक कार्यालयातून बाबांना सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ ची, म्हणजे थकबाकी वसुलीची, नोटीस आली. व्याजासकट ५ लाख ३८ हजार. सुनावणी पुढच्या महिन्यात १२ तारखेला. मेहुण्यालाही नोटीस आहे, पण तो निवांत. "सरांना पेन्शन आहे की," म्हणतो.

कर्जदाराला सोडून संस्था थेट बाबांना धरू शकते का? पेन्शन आणि राहतं घर जाईल का? गावातले एक जाणकार सांगतात, सुनावणीला जाऊच नका, गेलात म्हणजे कबूल केलं. आई रात्र रात्र जागी असते.

बांधावरचा:
त्या जाणकारांना लांबूनच नमस्कार करा आणि सुनावणीला जा. मी सहकार खात्याच्या केसेस चालवतो, हे दर महिन्याला बघतो. गैरहजर राहिलात तर एकतर्फी वसुली दाखला, म्हणजे वसुलीचा हुकूम, निघतो आणि तो थकबाकीचा अंतिम पुरावा धरला जातो. मग महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज (दाखला वरच्या अधिकाऱ्याकडून तपासून घ्यायचा अर्ज) करायला दोन महिने मिळतात, पण येणे रकमेच्या ५० टक्के संस्थेत भरल्याशिवाय तो विचारातच घेत नाहीत. तुमच्या बाबतीत २ लाख ६९ हजार. म्हणजे जे बोलायचं ते १२ तारखेलाच, आणि लेखी म्हणणं देऊन. पोच घ्या.

थेट धरू शकते का? हो. करार कायदा १८७२, कलम १२८: वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराकडून वसूल करा मग माझ्याकडे या, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच फेटाळलाय. "नुसती सही" असा प्रकार कायद्यात नाही.

पेन्शनची काळजी कमी करा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार ती जप्त होत नाही. २००८ च्या एका निकालात तर निवृत्तीचे पैसे मुदत ठेवीत ठेवले तरी संरक्षण जात नाही असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. घराचं उत्तर मात्र गोड नाही. याच कलमात शेतकरी, मजुरांच्या राहत्या घराला जी सूट आहे, ती निवृत्त शिक्षकाला सहसा मिळत नाही.

चुलीवरचा चहा:
वकीलसाहेबांचं सगळं बरोबर, पण मला तो टेम्पो खटकतोय. कर्जाच्या गाडीच्या आरसीवर संस्थेचा बोजा असतो. तो उतरल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही, आणि उतरवायला फॉर्म ३५ वर संस्थेची सही-शिक्का लागतो. मग कर्ज थकलेलं असताना सही दिली कोणी?

बांधावरचा:
@चुलीवरचा चहा, बरोबर पकडलंत, माझ्या नजरेतून सुटलं होतं. करार कायद्याचं कलम १४१: धनकोने (कर्ज देणाऱ्याने) जामीनदाराच्या संमतीशिवाय तारण हातचं घालवलं, तर त्या तारणाच्या किमतीपुरता जामीनदार मोकळा होतो. पण जामीनपत्राची नक्कल आधी मागा. छापील मजकुरात "जामीनदार हे हक्क सोडून देत आहे" असं कलम घुसडलेलं असतं, ते असेल तर लढाई अवघड होते. कर्जखात्याचा पूर्ण उताराही घ्या, टेम्पोचे पैसे खात्यात जमा झाले का ते कळेल. आणि मेहुण्याला सांगा: कलम १४६ प्रमाणे दोघांचा वाटा सारखा. पेन्शन असो वा नसो.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. काल गाडीचा नंबर टाकून पाहिला. मालक बदललाय, फायनान्सरचा रकाना रिकामा. आज आरटीओत फॉर्म ३५ च्या नकलेसाठी अर्ज दिला, संस्थेकडे जामीनपत्र आणि उताऱ्यासाठी. संस्थेतला क्लार्क पोच द्यायला तयार नव्हता, म्हणून तिथूनच पोस्टात जाऊन रजिस्टर केला.

बाबांना टेम्पोचं सांगितलं तर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्या मॅनेजरच्या पोरीला मी चौथीला शिकवलंय." त्यांना सुनावणीत मॅनेजरसमोर उभं राहायचं नाहीये. @बांधावरचा, त्यांच्याऐवजी मी किंवा वकील गेलो तर चालेल का? वकीलपत्रावर सही करायला तयार आहेत, पण या वेळी आधी वाचणार म्हणतात.