महिला बुद्धिबळ ऑलिम्पियाड: हम्पी असताना पदकाला २०२२ का उजाडलं?

कोथरूडची_आई

माझी मुलगी सहावीत आहे. शाळेच्या बुद्धिबळ संघात तिला यंदा चौथ्या पटावर बसवणार आहेत आणि त्यावरून घरात रडारड चालू आहे. संघातल्या मुली सहसा ताकदीच्या क्रमानं पटांवर बसतात, म्हणून चौथा पट म्हणजे सगळ्यात कच्ची, असं तिनं डोक्यात घेतलंय. तिची समजूत काढता काढता मी ऑलिम्पियाडबद्दल, म्हणजे देशोदेशीच्या संघांच्या बुद्धिबळ स्पर्धेबद्दल, वाचायला लागले आणि एका जागी अडले. कोनेरू हम्पी २००२ मध्ये, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. मग आपल्या महिला संघाला ऑलिम्पियाडचं पहिलं पदक मिळायला २०२२ का उजाडलं? आणि २०२४ ला बुडापेस्टमध्ये सुवर्ण मिळालं तेव्हा तर हम्पी संघात नव्हतीच. जाणकारांनी उलगडून सांगावं.

एरंडवणे_६४

समोर कोण होतं ते बघा. १९९२ पासून २०२२ पर्यंत महिलांचं सुवर्ण फक्त जॉर्जिया, चीन, युक्रेन आणि रशिया या चौघांतच फिरत राहिलं. मनिलापासून चेन्नईपर्यंत पाचवं नाव नाही. तिथे एकटी हम्पी काय करणार?

पेठेतली_शिकवणी

वरचं उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. मी बँकेच्या संघातून बरीच वर्षं खेळले, आता पेठेत मुलींना शिकवते, त्यामुळे हा विषय निघाला की मला राहवत नाही. सविस्तर लिहिते.

खुल्या गटाचं पहिलं ऑलिम्पियाड १९२७ ला लंडनमध्ये झालं. त्याच वेळी तिथेच महिलांची पहिली वैयक्तिक विश्वविजेती ठरली, व्हेरा मेंचिक. पण महिलांचे संघ एकमेकींसमोर बसायला आणखी तीस वर्षं गेली. १९५७, नेदरलँड्समधलं एम्मेन, २१ देश. मेंचिक ते बघायला नव्हती. १९४४ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात ती, तिची आई आणि बहीण तिघीही गेल्या. महिला ऑलिम्पियाडच्या विजेत्यांना मिळणारा करंडक तिच्याच नावाचा आहे.

एम्मेनला प्रत्येक संघाचे पट होते फक्त दोन. म्हणजे एक खरी दादा खेळाडू असली की निम्मा संघ तयार. पुढे पट तीन झाले आणि २००८ ला ड्रेस्डेनपासून चार. त्याच वर्षी गुणांची रीतही बदलली. आधी सगळ्या डावांचे गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) एकत्र मोजायचे, त्यामुळे दुबळ्या संघाला ३–० नं धुतलं की तक्त्यात उडी मिळायची. आता लढत २.५–१.५ नं जिंका की ४–० नं, गुण दोनच. त्यामुळे लढत फिरवणारा अर्धा गुण कुठल्या पटावरून येतो याला फार महत्त्व आलं. माझं ठाम मत आहे की सांघिक सुवर्ण खालच्या पटांवर ठरतं.

जुना इतिहासही हेच दाखवतो. सोव्हिएत संघानं १९८६ पर्यंत जितक्या महिला ऑलिम्पियाडना हजेरी लावली तितकी सगळी जिंकली (१९७६ ला हैफाला ते गेलेच नाहीत, तेव्हा इस्रायल जिंकलं). आणि १९८० व १९८२ चा त्यांचा संघ पाहा: चिबुर्दानिद्झे, गाप्रिंदाश्विली, अलेक्झांद्रिया, इओसेलियानी. चौघी जॉर्जियाच्या! म्हणूनच सोव्हिएत संघ फुटल्यावर १९९२, १९९४ आणि १९९६ अशी लागोपाठ तीन सुवर्णं एकट्या जॉर्जियानं नेली. त्यातल्या पहिल्या वेळी नोना गाप्रिंदाश्विली पन्नाशी ओलांडलेली होती.

ती सोव्हिएत मालिका १९८८ ला थेस्सलोनिकीत हंगेरीनं मोडली. तीन पोल्गार बहिणी आणि इल्दिको माद्ल. बारा वर्षांच्या युदितनं दुसऱ्या पटावर १३ डावांत १२.५ गुण केले. हंगेरी ३३, सोव्हिएत ३२.५. ऐन स्पर्धेत सोव्हिएत संघाची येलेना अख्मिलोव्स्काया अमेरिकेच्या कर्णधाराशी लग्न करून निघून गेली होती आणि तोवर ती नऊ डावांत ८.५ वर होती. अर्ध्या गुणानं गेलेलं सुवर्ण आठवलं की मला ती आठवते.

आता आपल्याकडे. २०१२ ला इस्तंबूलमध्ये भारत चौथा आला, तेव्हाही हम्पी नव्हती. हरिका द्रोणावल्ली, तानिया सचदेव, मेरी ॲन गोम्स आणि आपल्या पुण्याच्या दोघी: ईशा करवडे आणि सौम्या स्वामिनाथन. सगळ्या पटांवर भरवशाचं माणूस बसलं की काय होतं ते तेव्हाच दिसलं. नऊ वर्षांनी सिट्जेसला जागतिक सांघिक स्पर्धेत रौप्य मिळालं.

हत्ती_सातव्या_पट्टीत

ताई, वरच्या पटांना फार कमी लेखू नका. २०२२ ला चेन्नईत हरिका गरोदरपणाच्या नवव्या महिन्यात खेळली. शेवटच्या फेरीपर्यंत आपण पुढे होतो, अमेरिकेनं ३–१ नं हरवलं म्हणून कांस्य. बुडापेस्टला तिचा फॉर्म हरवला होता, पण शेवटच्या दिवशी अझरबैजानविरुद्ध पहिल्या पटावर तिनंच जिंकलं.

पेठेतली_शिकवणी

मान्य, आणि हरिकाबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्या दिवसापर्यंत सुवर्णाच्या शर्यतीत आपल्याला ठेवलं कोणी? आठव्या फेरीत पोलंडकडून हरलो. नवव्या फेरीत अमेरिकेसमोर आपल्या वैशालीचा डाव गेला, तेव्हा चौथ्या पटावर वंतिका अगरवालनं इरिना क्रशला हरवून २–२ केलं. दहाव्या फेरीत चीनसमोर तीन डाव बरोबरीत, आणि तिसऱ्या पटावर नागपूरच्या दिव्या देशमुखनं नी शिचुनला हरवलं. २.५–१.५. त्या एका डावावर अख्खी लढत. तिसऱ्या आणि चौथ्या पटाची वैयक्तिक सुवर्णं या दोघींनाच मिळाली. कर्णधार आपले पुण्याचे अभिजित कुंटे.

संघात बसल्यावर काय होतं ते खेळलेल्यालाच कळतं. आपल्या पटावर वजीर अडकलेला असतो आणि नजर शेजारच्या घड्याळावर जाते. समोरची बरोबरी मागते. आपण कर्णधाराकडे बघायचं. त्यानं फक्त 'घे' किंवा 'खेळ' एवढंच सांगायचं, पटावरच्या स्थितीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. संघाची परिस्थिती आपली आपण वाचायची.

कोथरूडची_आई

खूप आभार, ताई. लेक शेजारी बसून वाचतेय. तिनं विचारलंय की चौथ्या पटाची तयारी वेगळी करायची असते का?

पेठेतली_शिकवणी

हो बाळा, थोडी वेगळी. चौथ्या पटावर समोरची बहुतेक वेळा तुझ्याहून फार भारी नसते, म्हणून तिथे पूर्ण गुणाची आशा धरतात. लवकर बरोबरी घेऊ नकोस. दुसऱ्या आणि चौथ्या पटाला एकच रंग येतो, म्हणजे दुसऱ्या पटावरची मैत्रीण काळ्यानं खेळणार असेल तर तूही काळ्यानंच. तेव्हा तिच्यासोबत बसून काळ्याची सुरुवात पक्की करा, १. ई४ ला (राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे) एक उत्तर आणि १. डी४ ला (वजिरासमोरचं) एक. शनिवारी संध्याकाळी वेळ असेल तर दोघी पेठेत या, वंतिकाचा क्रशविरुद्धचा डाव पटावर लावून बघू. आईला म्हणावं, पत्ता निरोपातून पाठवते.