एका शब्दाच्या पोटातले शब्द: तुमचे अनुभव लिहा

बालाघाट:
काल लेक दहावीचा इंग्रजीचा सराव पेपर सोडवत होती. त्यात तो ठरलेला प्रश्न, दिलेल्या शब्दातली अक्षरं घेऊन किमान तीन अक्षरांचे चार शब्द बनवा, दोन मार्क. शब्द होता 'एन्व्हायर्नमेंट'. तिने पहिलाच लिहिला 'मूव्हमेंट'. मी भाकरी थापता थापता म्हटलं, अगं त्यात एम एकच आहे! आणि तिथंच अण्णा आठवले.

अण्णा मोंढ्यात आडतीवर मुनीम होते. शिक्षण जुनी मॅट्रिक. रात्री लाइट गेली की कंदील मधे ठेवायचे, आडतीच्या जुन्या हिशोबपट्टीच्या कोऱ्या बाजूला एक लांब इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरात लिहायचे आणि मूठभर ज्वारी समोर ओतायचे. जे अक्षर वापरलं त्यावर एक दाणा. दाणा असलेल्या अक्षराला पुन्हा हात लावायचा नाही. शब्द झाला की दाणे उचलायचे, दुसरा सुरू. म्हणायचे, "आधी शेपूट बघ." म्हणजे आय-एन-जी, ई-आर, ई-एन-टी असं काही शेवटी बसतंय का. मग एस-टी, टी-आर, सी-एच अशा जोड्या. एस असला तर एकाचे दोन शब्द.

रात्री लेकीला ज्वारीचे दाणे दिले. एम वर एक दाणा पडला, दुसऱ्या एमला जागाच नाही. आपोआप कळलं तिला. मग 'मूव्ही', 'मेन्शन', 'रिमूव्ह', 'इन्व्हेंट' असे अकरा काढले, चारच लागत होते तरी. अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली. तुमच्या घरी कोण खेळायचं हे? लिहा ना.

परभणीची लेक:
आमच्याकडं गावाच्या नावावर खेळायचे. परभणीतून बी काढा, उरलेल्या सातच्या सात अक्षरांचा 'पिरान्हा' होतो! पी-आय-आर-ए-एन-एच-ए. मामाने शोधला होता. तेव्हा तो मासा असतो हेही माहीत नव्हतं आम्हाला, शाळेच्या डिक्शनरीत बघितलं.

गोदाकाठ:
@परभणीची लेक पिरान्हा तेवढा गोदावरीत सोडू नका हो ताई 😄

उसाचा फड:
लातूर = अल्ट्रा. पाचही अक्षरं, एकही शिल्लक नाही. बास, आमचं झालं.

नांदेड ते पुणे:
वा, लातूरचं माहीत नव्हतं! हे शोधायची एक सोपी रीत सांगतो, ऑफिसात प्रोग्राम लिहिताना हीच वापरतो. प्रत्येक शब्दाची अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावायची. लातूरचं होतं ए-एल-आर-टी-यू. अल्ट्राचंही तेच. क्रम लावल्यावर दोन शब्द सारखे दिसले की अक्षरं तीच. संगणक अख्खी डिक्शनरी अशी लावून ठेवतो आणि क्षणात जोड्या देतो. पण दाण्यांची रीत जास्त आवडली मला. नांदेडमधून मात्र 'डीन' आणि 'डेड' याच्या पुढं गेलो नाही, कुणाला सुचलं तर सांगा.

जुनं_लातूर:
लिहू का नको असं झालं होतं. ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप झाला, आम्ही लातुरात. घर उभं होतं पण आत झोपायची हिंमत कुणाची होईना, कितीतरी दिवस सगळी गल्ली अंगणात. मोठा भाऊ नववीत. आम्ही लहान रडू नये म्हणून पेपरातला 'अर्थक्वेक' शब्द मातीत काडीने लिहिला आणि म्हणाला, यातून काढा. 'टी', 'रेट', 'टेक' असं चाललं होतं. मग तो म्हणाला, पहिली पाच अक्षरं बघा, 'अर्थ' आहे, तीच पाच फिरवा. 'हार्ट' झालं. आईला त्याचा अर्थ सांगितला तर तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, बोलली काहीच नाही. अजून लख्ख आठवतं.

बालाघाट:
@जुनं_लातूर वाचून गलबलून आलं. दादा कुठं असतात आता?

जुनं_लातूर:
तिथंच. शेती बघतो. हे वाचून दाखवते त्याला.

खुलताबादी:
आमचे सर शिकवायचे, क्यू आला की मागं यू येणारच. मी घरी अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, मग कव्वाली कशी लिहिशील? डिक्शनरीत क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय, यू नाहीच! उरुसात रात्रभर ऐकलेली कव्वाली इंग्रजी डिक्शनरीत सापडली याचा केवढा आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी सरांना दाखवलं तर त्यांनी फळ्यावर लिहून अख्ख्या वर्गाला सांगितलं.

कपाशी:
स्क्रॅबल विकत आणणं शक्य नव्हतं. ताईने लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याचे शंभर चौकोन कापले, खऱ्या डब्यात असतात तेवढेच. ई चे बारा, क्यू आणि झेड चा एकेकच, दोन्हीला १० गुण. ते कुठून उतरवून आणलं होतं कुणास ठाऊक. हातातली सातही अक्षरं एकदम लावली की ५० जादा. काही चौकोनांमागं अजून हळदीकुंकवाचा डाग आणि 'श्री गणेशाय नमः' चा तुकडा. डबा माझ्याकडंच आहे, झेड हरवलाय.

धाराशिवकर ताई:
आमच्या जुन्या नावात, उस्मानाबादमध्ये, 'नोमॅड'; नव्यात, धाराशिवमध्ये, 'रॅडिश'. पोरांना दोन्ही काढायला लावते. हिंगोलीवाले, तुमच्यात 'लिंगो' आहे बगा. ताई, ज्वारीच्या दाण्यांची रीत उद्या वर्गात करणार. पाचवीचा वर्ग आहे, ३४ लेकरं. ज्वारी कमी पडायची नाही आमच्याकडं.

हुरडा:
ज्वारीचं निघालंच आहे तर, येसर (आमटीत घालायचं भाजणीचं पीठ) कुणी घरी करतं का? आईच्या हातचं संपलं. प्रमाण हवंय.

परभणीची लेक:
@हुरडा मेसेज करते. डाळी न् धने वेगवेगळे भाजा, एकत्र टाकू नका, करपतं.

दवाखाना_रोड:
औरंगाबादचं नवं नाव 'छत्रपती संभाजीनगर' पोरीने वहीत इंग्रजीत लिहिलं. चोवीस अक्षरं, पण स्वर फक्त ए आणि आय. म्हणाली पप्पा यात काय मिळणार, ई तर नाहीच. तासाभराने धावत आली, 'फार्मासिस्ट'! पी-एच-ए-आर-एम-ए-सी-आय-एस-टी, दहाही अक्षरं आहेत, मी बोट ठेवून तपासली. यंदा डी. फार्मसीला नंबर लागलाय तिचा. कागद फ्रिजवर चिकटवलाय.

गोदाकाठ:
अभिनंदन लेकीचं! पेढे कधी?

उसाचा फड:
पेढे नको, येसर चालेल 🙏

बालाघाट:
@दवाखाना_रोड लेकीला वाचून दाखवलं. आता ती 'अंबाजोगाई' घेऊन बसलीय, झोपायचं नाव नाही. @कपाशी, झेड साठी आमच्याकडं एक जुनी पत्रिका आहे, पाठवू का?

कपाशी:
पाठवा ना! ताईला सांगते, तिच्याच हातानं कापून घेते.