सुया टोचून घेतलेल्या सांगली-मिरजकरांनो, पहिल्या दिवशी काय झालं ते लिहा

गावभागातली :

सासूबाईंचे गुडघे चार वर्षं कुरकुरतायत. कुणीतरी त्यांच्या डोक्यात चिनी ॲक्युपंक्चर भरवलं आणि त्यांनी फर्मान काढलं, "आधी तू टोचून घे. नीट परत आलीस तर मी जाते." माझी मान तशीही कॉम्प्युटरपुढे बसून आखडलेली असतेच. गेले. पण माझ्या एकटीच्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नाही, म्हणून हा धागा.

पहिला अर्धा तास सुई दिसलीच नाही. नुसते प्रश्न. झोप कशी लागते, पाय गार पडतात का, तहान किती, पाळी वेळेवर येते का. मानेचा आणि पाळीचा काय संबंध, म्हणून मी मनात चरफडले. मग "जीभ दाखवा." काढली. डॉक्टरीणबाई वाकून बघत राहिल्या, बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "जांभळं खाल्लीत?" येताना मारुती चौकात पावशेर घेऊन रिक्षातच संपवली होती. जिभेचा रंग आणि तिच्यावरचा थर बघून ते अंदाज बांधतात. त्यामुळे जांभळं, पान, कॉफी असलं काही तोंडात टाकून जायचं नाही आणि त्या दिवशी जीभ खरवडायचीही नाही. नाडी दोन्ही मनगटांवर, तीन-तीन बोटं ठेवून, बराच वेळ.

सुई मी धरून चालले होते तशी नव्हती. इंजेक्शनची सुई पोकळ, तिच्यातून औषध जायचं असतं. ही भरीव, जेमतेम पाव मिलिमीटर जाड, लवलवती. पाकीट माझ्यासमोर फाडलं. प्लॅस्टिकची बारकी नळी कातडीवर टेकवायची, सुई आत, वरून बोटानं टिचकी, की नळी काढून घ्यायची. टिचकी कळते, टोचणं फारसं कळत नाही. मान दुखतेय आणि पहिली सुई कुठे, तर अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात! तिथे ती जराशी फिरवली तशी आतून जड, बोथट कळ उठून मनगटाकडे सरकली. "आलं का?" बाईंनी विचारलं. चिनीत याला 'द छी' म्हणतात. ते जाणवलं की सुई बरोबर बसली असं धरतात. मग २५ मिनिटं छताकडे बघत पडून राहायचं. दुसऱ्याच मिनिटाला नाक खाजायला लागलं, आणि दोन्ही हातांत सुया.

घरी येऊन साडेसातला झोपले ती सकाळीच उठले. मानेला पहिल्या दिवशी काही फरक नाही. चौथ्या सिटिंगनंतर स्कूटी मागे घेताना मान वळली, तेव्हा लक्षात आलं.

आता तुम्ही लिहा. वाईट अनुभवसुद्धा.

द्राक्षवाला :

आमचं तासगाव. फळछाटणीनंतर डिपिंग, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवायचं काम, आलं की दिवसदिवसभर हात वर, मांडवाला. उजवा खांदा असा धरला की बनियन बायकोनं चढवायची. डॉक्टरनी सुया काढायच्या आधीच विचारलं, शुगर बघितलीय का? म्हणलं, खांद्याचं काय ते बघा. ऐकंनात. तपासली तर एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, ९.२. शुगरवाल्यांचा खांदा असा जास्त धरतो म्हणं. खांदा दाखवायला गेलो आणि शुगर घेऊन आलो.

माझ्या सुयांना बारक्या चिमट्यांनी वायरी जोडल्या. बॅटरीवरची पेटी. टक-टक-टक, खांद्याचं मांस आपलं आपण उडतंय. दुखत नाही, पण करंट जास्त वाटला तर लगेच बोलायचं. मी गडीपणा दाखवत गप पडलो आणि दोन दिवस खांदा ठणकत बसला. एकदा पाठीला कपिंगपण केलं, म्हणजे हवा काढून पेले कातडीला चिकटवतात ते. गोल लालभडक चट्टे. बायको म्हणली, वाटीनं ठप्पे कुणी मारले? आठवड्यात गेले.

आठवड्याला दोन अशी दहा सिटिंग. पहिल्या तीनला काडीचा फरक नाही. आता हात कानाला लागतो, मागं पाठीला अजून जात नाही. सोबत भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम रोज केलाय, त्यामुळं गुण सुईचा का भिंतीचा, ते मला सांगता यायचं नाही.

कॉलेजकुमार :

मी आडवा झालो. संकष्टी होती. सकाळपासून फक्त चहा, गणपतीला जाऊन तसाच दवाखान्यात. त्यांनी बसवूनच मानेत सुया लावल्या. तिसऱ्या सुईला कानात घूं झालं, घाम फुटला, समोरची भिंत लांब जायला लागली. त्यांनी पटापट सुया काढल्या, झोपवलं, पायाखाली उशी, साखरपाणी. पाच मिनिटांत माणसात आलो. आता दीड-दोन तास आधी हलकं खाऊन जातो आणि झोपवूनच लावा म्हणतो. उपवासाच्या दिवशी अपॉइंटमेंट नाहीच.

मिरजेची फार्मासिस्ट :

अनुभव घरच्यांचे आहेत, माझे नाहीत, पण काउंटरवर जे दिसतं ते लिहिते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सुई लावायच्या आधी सांगा. एरवी टोचल्याजागी एखादा थेंब रक्त किंवा लहानसा निळा डाग येतो. या गोळ्यांवर तो मोठा होऊ शकतो. पेसमेकर असेल तर वरच्या भाऊंची ती वायरींची पेटी नको. दिवस गेलेले असतील किंवा नुसती शंका असेल तरी बोला. धागाकर्तीला हाताच्या बेचक्यात जी सुई लावली, ती जागा आणि घोट्याच्या वर आतल्या बाजूची एक जागा गरोदरपणात परंपरेनं टाळतात. सुई एकदा वापरून टाकायची असते. पाकीट तुमच्यासमोर फाडलं नाही तर उठून या, लाजू नका. आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरचा कायदा २०१५ चा आहे, तेव्हा नोंदणी आहे का हेही विचारा. फिजिओकडे टोचतात ते ड्राय नीडलिंग, ते दुखऱ्या स्नायूच्या गाठीतच टोचतात. त्यात नाडी-जीभ नसते.

गुण येतो का? ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी वैद्यकीय संस्थेच्या मार्गदर्शनात जुनाट टेन्शनच्या डोकेदुखीसाठी पाच ते आठ आठवड्यांत १० सिटिंगपर्यंत विचार करा असं आहे, आणि त्याच संस्थेनं २०१६ साली कंबरदुखीसाठी मात्र देऊ नका म्हटलं. म्हणजे दुखणं कोणतं, त्यावर आहे. बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करा, सुयांनी बरं होईल, असं जो कुणी सांगेल त्याच्याकडे परत जाऊ नका.

एसटीचा ड्रायव्हर :

मला गुण आला नाही. कंबरेतून डाव्या पायात कळ जायची. एका ठिकाणी (नाव घेत नाही) बारा सिटिंग केली. दर वेळी "अजून दोन करू." एमआरआय काढा असं कुणी म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. मग एका सकाळी चप्पल पायातून सुटायला लागली. अंगठा वर उचलेना. मिरजेत दाखवलं, गादी सरकून नस दाबली होती. ऑपरेशन झालं, अंगठा बराचसा आला, पूर्ण नाही. सुयांनी मला अपाय केला असं मी म्हणत नाही. त्या तीन महिन्यांत गादी आत काय करत होती, ते कुणी बघितलं नाही. पायातली ताकद कमी वाटली, लघवीचं काही बिघडलं, तर सुया-बिया ठेवा बाजूला.

केसांत सुई :

अर्धशिशीसाठी जायचे. एकदा घरी येऊन वेणी घालताना कंगवा अडकला. टाळूत सुई तशीच! त्या दिवशी गर्दी होती, काढायची राहिली. आता मी लावताना मोजते, काढताना मोजते. डोकं दुखायचं कमी झालंय, महिन्यातून पाच-सहा वेळांवरून दोनावर.

निवृत्त गुरुजी :

गुडघ्याबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. मला सुयांबरोबर शेकही दिला. वाळल्या पाल्याची विडीसारखी जाड कांडी पेटवून गुडघ्याजवळ धरतात, टेकवत नाहीत. भाजायला लागलं की "लांब" म्हणायचं. खोलीत जो वास भरला, तो मला थेट चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर घेऊन गेला. घरी येऊन शोधलं, तर ती वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली निघाली. कपड्यांना वास दोन दिवस राहतो, नवा शर्ट घालून जाऊ नये. जिना उतरताना आधार लागायचा, तो आता कमी लागतो. मांडी घालून बसता येत नाही ते नाहीच.

जाता जाता : हे शास्त्र आपल्याकडे आणलं डॉ. बसूंनी. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते, त्यातलेच बसू हे एक. कोटणीस १९४२ साली तिथेच गेले. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकून आले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी कलकत्त्यात ती सुरू केली. शाळेत कोटणीसांचा धडा शिकवला, पण हे मला गुडघे दुखल्यावर कळलं.

गावभागातली :

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना धागा मोठ्यानं वाचून दाखवला. ड्रायव्हरदादांचं ऐकून आधी एक्स-रे काढला. झीज आहे, पण ऑपरेशनइतकी नाही. कुमारचं ऐकून पोहे खाऊन गेल्या. पहिल्या सुईला "अगं आई" झालं, पाचवीला घोरत होत्या. सहा सिटिंग झालीत. देवघरापुढे खाली बसणं अजून नाही, पण भाजी आणायला स्वतः जातायत आणि रात्री गुडघ्याला तेल लावायला मला हाक येत नाही.

फक्त एक झालंय. रोज सकाळी आरशापुढे जीभ बाहेर काढून बघतात, आणि मग आम्हा सगळ्यांना ओळीनं काढायला लावतात.