जळत्या इमारतीत आत अडकलात तर मेडे (वायरलेसवरची ‘जीव धोक्यात आहे, मदत पाठवा’ ही हाक) लगेच द्यायचा की आधी स्वतः वाट शोधायची?

भटक्या_न्यूजर्सी: इथे न्यू जर्सीत मी व्हॉलंटियर फायरफायटर आहे. परवाच्या ड्रिलनंतर आमच्यात जोरात वाद झाला म्हणून विचारतोय. माझं मत, लगेच. वाट सापडत नाही, काहीतरी अंगावर पडून अडकलोय, फ्लोअरमधून खाली गेलोय, किंवा हवा संपत आल्याचा अलार्म वाजतोय आणि दार कुठे ते माहीत नाही, यातलं एक जरी झालं तरी बटण दाबायचं, तीनदा मेडे म्हणायचं, मग कुठे आहे, कोण आहे, काय झालंय, हवा किती, काय हवंय. लढाऊ पायलटला इजेक्ट कधी करायचं हे जमिनीवरच शिकवतात, तसं हे आधीच ठरलेलं पाहिजे, कारण धुरात डोकं चालत नाही. इथल्या नवीन बीए सेटचा, म्हणजे पाठीवरच्या हवेच्या सिलिंडर-मास्कचा अलार्म ३३ टक्क्यांवर वाजतो, पूर्वी २५ वर वाजायचा. ती हवा बाहेर यायला आहे आणि पोरं तीच वाट शोधण्यात संपवतात, मग सांगतात.

एमआयडीसी_फायर: नाही पटत. मॅसॅच्युसेट्समधलं वूस्टर आठवा, ३ डिसेंबर १९९९, बंद पडलेलं कोल्ड स्टोरेज, खिडक्या नसल्यातच जमा. दोघं आत हरवले, त्यांनी वायरलेसवर सांगितलंही, आणि त्यांना शोधायला गेलेले चौघंही परत आले नाहीत. एक मेडे म्हणजे बाहेरचा प्रत्येक जण आत धावणार, माणूसच आहे शेवटी, भाऊ आत आहे म्हटल्यावर थांबतोय कोण. गुडघ्यावर बसा, हाताने होज चाचपा, कपलिंग, म्हणजे होजचा जोड, हाताला लागला की बाहेरची दिशा कळते. अनुभवी फायरमन असा निघतो. वीस सेकंद तरी द्या ना त्याला.

भटक्या_न्यूजर्सी: होज चाचपा की, पण बोलून झाल्यावर! हाक दिली म्हणून हात बांधले जात नाहीत. आणि वूस्टरमध्ये जीव हाकेमुळे नाही गेले. वाचवायला जाणारी टीम आधीपासून बाहेर वेगळी उभी हवी आणि बाकी कोणी जागा सोडायची नाही. शेवटी डिस्ट्रिक्ट चीफ माइक मॅक्नामी दारात आडवा उभा राहिला, आता कोणीही आत जाणार नाही म्हणाला. ते करायला काय काळीज लागलं असेल. नियम आधीच ठरलेला असला की ते ओझं एका माणसावर पडत नाही.

कंट्रोलवाली_मावशी: मी कंट्रोल रूममध्ये वायरलेसवर बसायचे, आता रिटायर. तुम्ही दोघं बोलणाऱ्याबद्दल भांडताय, ऐकणाऱ्याचं काय? अमेरिकेतल्या चार्ल्स्टनला १८ जून २००७ ला सोफ्याच्या शोरूमला आग लागली, ९ फायरमन गेले, आतून मदतीच्या हाका आल्या होत्या पण रेडिओवर एवढी गर्दी की त्या वेळेत कोणाच्या ध्यानातच आल्या नाहीत. त्यात अंगावरचा पास अलार्म, म्हणजे माणूस हलायचा थांबला की वाजणारा, बोंबलत असला आणि वायरलेस सेट डिजिटल असला तर शब्दांचा नुसता चुरा ऐकू येतो. म्हणून मेडे आला की सगळ्यांनी आधी तोंड बंद ठेवायचं, आणि कंट्रोलने तो शब्दशः परत म्हणून दाखवायचा, म्हणजे आतल्याला कळतं की कोणीतरी ऐकलंय.

एमआयडीसी_फायर: मावशी, सगळे गप्प बसले तर पाणी कोण मागणार? ब्रांचवरचं, म्हणजे होजच्या तोंडाचं पाणी तुटलं तर तोच अडकलेला भाजेल. त्यापेक्षा त्याला दुसऱ्या चॅनलवर घ्या, एक ऑफिसर त्याच्याशी बोलेल, बाकी काम चालू.

भटक्या_न्यूजर्सी: अहो, जाड ग्लोव्हज, डोळ्यासमोर काळोख, पोटावर पडलेला माणूस, त्याला नॉब फिरवायला लावणार? एक क्लिक जास्त झाला की तो कोणालाच ऐकू येत नाही, आणि आपण ऐकत नाही हेही त्याला कळत नाही. हलायचं तर बाहेरच्यांनी हलायचं, त्यांना दिसतंय, श्वास घेता येतोय. त्याचा चॅनल त्याचाच.

एमआयडीसी_फायर: दुसरा चॅनल असेल तर ना. आमच्या प्लांटमध्ये एकच आहे आणि त्यावर सिक्युरिटीवालेही बोलतात.

कंट्रोलवाली_मावशी: मग सिक्युरिटीला आजच्या आज तिथून काढा, तुमच्या मॅनेजरला मी पत्राचा मसुदा लिहून देते. आणि एकच चॅनल असेल तर मेडेनंतर फक्त तिघांनी बोलायचं, अडकलेला, कमांडर आणि पंप ऑपरेटर. पाण्याचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे म्हणून तिसरा. वीस सेकंद मात्र अजिबात मान्य नाहीत.

एमआयडीसी_फायर: मसुदा पाठवा. वीस सेकंदांवर मी ठाम आहे.